मंडळी, जेवलात का?

टाकीला रामराम घातल्याशिवाय सरांनी डोक्यावरचं हेल्मेट कधी काढलं नाही. शिरूरहून मोटारसायकलवर यायचे, न्हावऱ्यावरून, चौफुल्यावरून, सगळ्या रस्त्याची धूळ अंगावर घेऊन. गेटवर पंच करायचे आणि ऑफिसात न जाता थेट मागं, सांडपाण्याच्या टाकीकडं. लोखंडी जिना चढून कठड्याला टेकायचे, हेल्मेट तसंच, आणि खाली खदखदणाऱ्या तपकिरी पाण्याला विचारायचे, "काय मंडळी, जेवलात का?"

मी नवीन होते. मला वाटलं, खाली माणसं कामाला उतरलीयत. वाकून बघितलं तर कुणीच नाही. नुसतं पाणी, फेस आणि तळातून वर येणारे हवेचे बुडबुडे. मी घाबरून ऑपरेटरकडं बघितलं. तो बिहारचा. तंबाखू मळत म्हणाला, "रोज का है मॅडम. जवाब सुनके ही नीचे आएंगे."

पाटसच्या पुढं, हायवे सोडून थोडं आत आमची कंपनी. तिथं दुखण्यावरच्या गोळीचं मूळ औषध तयार होतं, पांढरी पावडर. कंबर धरली, गुडघा सुजला की मेडिकलवाला जी गोळी डोळे मिटून हातावर ठेवतो, तीच. ही पावडर करताना मोठाली भांडी धुतली जातात आणि त्या धुण्यात औषध उतरतं. ते पाणी तसंच सोडलं तर नाल्यात, नाला भीमेत, आणि भीमा सगळ्यांच्या घरात. म्हणून ते आधी टाकीत घ्यायचं. टाकीत सरांची मंडळी. म्हणजे बॅक्टेरिया, डोळ्यांना न दिसणारे, पाण्यातलं औषध खाऊन जगणारे. ते सरांनी स्वतः जमवले होते, वाढवले होते, आणि त्यांना कुणी बॅक्टेरिया म्हटलेलं सरांना खपायचं नाही. म्हणायचे, "अगं, घरच्यास्नी कुणी आडनावानं हाक मारतं व्हय?"

माणूस एम.एस्सी. शिकलेला. शिरूरच्या कॉलेजात बरीच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते. "वर्गात शुद्ध बोलून बोलून तोंड आंबलं, म्हणून हिकडं आलो," असं सांगायचे. इथं आल्यावर त्यांनी जी गावाकडची भाषा धरली ती सोडलीच नाही. पुण्याहून कुणी पाहुणा आला की तर मुद्दाम जास्तच. कामगार त्यांना आबा म्हणायचे, मी सर म्हणायचे, आणि ते मला बाई म्हणायचे. मी लॅबमधली केमिस्ट, नुकती बी.एस्सी. झालेली, वडगाव रासाईची. नदीकाठची असून नदीच्या पाण्यात काय असतं ते मला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर जाणून घ्यायची हौसही नव्हती. मला नोकरी हवी होती.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला टाकीतलं मगभर पाणी आणायला लावलं आणि नाकाशी धरलं. "वास घे." मी तोंड फिरवलं. "घे, घे. ह्या वासाचाच पगार हाय तुला." घेतला. ओल्या मातीचा वास होता, पाटाचं पाणी वाफ्यात शिरल्यावर येतो तसा. "हा ध्यानात ठेव," म्हणाले. "हा वास हाय तवर घर नांदतंय. कुजक्या अंड्याचा वास आला की घरात मयत झालं म्हणून समज. मग मला फोन कर, मी कुठंबी असंन." मला त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला होता. मला बघायला पाहुणे यायचे होते संध्याकाळी, आणि माझ्या हाताला तो वास. पाहुण्यांनी नकार कळवला तो त्या वासामुळं की नाही देव जाणे, पण मी कित्येक वर्षं सरांना ते ऐकवलं. ते म्हणायचे, "ज्याला मातीचा वास सोसंना, त्याच्या घरात तू काय करणार व्हतीस?"

काचेच्या उभ्या भांड्यात टाकीतलं पाणी भरून ठेवायचं आणि गाळ किती वेळात खाली बसतो ते बघायचं, ही आमची रोजची परीक्षा. तेवढा वेळ सर त्या भांड्यापुढं स्टूल टाकून बसायचे आणि कुणाशी बोलायचे नाहीत. मॅनेजर साहेबांचा फोन आला तरी हातानं खुणवायचे, नंतर. गाळ छान बसला, वर पाणी निवळ राहिलं की खूश. मग सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब. त्या थेंबात त्यांना घंट्या बघायच्या असत. लांब देठ आणि त्याच्या टोकाला उलटी घंटा असला एक जीव असतो, बॅक्टेरियाहून मोठा, त्यांच्यावरच जगणारा. पाण्यात विष असलं तर तो टिकत नाही. घंटा उघडमीट करताना दिसली की सर डोळा न काढता म्हणायचे, "वाजली बघ." वाजत बिजत काही नसे. पण आम्हाला सगळ्यांना सवय लागली होती, आम्हीही "आज वाजली का" असंच विचारायचो.

सुट्टीच्या दिवशी कारखाना बंद म्हणजे धुण्याचं पाणी नाही, म्हणजे मंडळी उपाशी. तेव्हा सर गुळाची ढेप आणायचे. गूळ पाण्यात कालवायचा, त्यात चिमूट चिमूट आपली पांढरी पावडर टाकायची आणि ते टाकीत सोडायचं. नुसता गूळ का नाही, असं मी विचारलं. म्हणाले, "नुसतं गोड घालून ठेवलं तर उद्या कारलं कोण खाईल? सवय मोडती त्यांची. पोरांचं आन् ह्यांचं सारखंच हाय." सुरुवातीला मंडळी औषध खातच नव्हती म्हणे. सरांनी गूळ जास्त आणि औषध नावाला असं सुरू केलं, मग गूळ कमी करत गेले आणि औषध वाढवत. जे जगले ते खाणारे निघाले. ह्यात त्यांची किती वर्षं गेली ते विचारलं की ते वर बघायचे आणि विषय बदलायचे.

मॅनेजर साहेब पुण्यात राहायचे आणि तिथूनच उंटावरून शेळ्या हाकायचे. एकदा त्यांनी पाकिटातले बॅक्टेरिया मागवले, परदेशी. सरांनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं. "भाड्याची वरात हाय ही," म्हणाले. "नाचतील आन् पैसे घेऊन जातील." पाकीट पुढं स्टोअरमध्ये उंदरांनी फोडलं.

त्यांची मंडळी मात्र अस्सल ह्या भागातली होती. मोटारसायकलच्या डिकीत त्यांच्या छोट्या छोट्या बाटल्या असत, झाकणाच्या. कुठं दवाखाना दिसला, जनावरांचा बाजार दिसला, की मागच्या गटारीतला चिखल बाटलीत. त्यांचं म्हणणं साधं होतं. औषध जिथं रोज सांडतं, तिथल्या चिखलात ते खाणारं कुणीतरी निपजलेलं असणारच. लग्नाला गेले तरी अक्षता पडायच्या आत ते मांडवाच्या मागं गायब.

आमच्या गावच्या जत्रेला मी त्यांना जेवायला बोलावलं. आईनं पुरणपोळी केली होती, पाट मांडले, रांगोळी घातली. सर हात धुवायला म्हणून मागं गेले ते आलेच नाहीत. बघतो तर गोठ्याच्या मोरीपाशी उकिडवे बसलेले, कोपरापर्यंत हात शेणामुतात. आमची म्हैस त्या वर्षी पायानं अधू झाली होती, डॉक्टर येऊन दुखण्याची इंजेक्शनं टोचून जायचे. हे सरांना वडिलांकडून कळलं होतं. आई दारात उभी. "साहेब, पोळी गार व्हायलीय." सर म्हणाले, "ताई, पोळी पुन्हा तापवता येईल. ही मोरी उद्या धुतलीत तर?" आई आत येऊन मला हळूच म्हणाली, "एवढा शिकलेला माणूस, आन् हे काय गं?" पण त्या बाटलीतली मंडळी चांगलीच निघाली. पुढं सर येता-जाता सगळ्यांना सांगायचे, टाकीतली निम्मी मंडळी बाईंच्या माहेरची हाय. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

हे वेड कशातून लागलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. लहानपणी शिरूरच्या बाहेर मेलेली जनावरं टाकायची जागा होती, तिथं गिधाडं उतरायची. मग जनावरांना दुखण्याची औषधं द्यायला लागले. मेलेल्या जनावराच्या अंगातलं औषध गिधाडांच्या पोटात गेलं आणि गिधाडं संपली. "ती व्हती तवा कुणाला आवडत न्हवती," सर म्हणाले. "मलाबी न्हाई. गेल्यावर एक दिवस वर बघितलं आन् आभाळ नुसतं रिकामं." तेवढंच बोलले, आणि मला म्हणाले, जा, मंडळींचं डीएपी खत कालव, वाट बघत असतील.

कुणी कामगार डोकं दुखतंय म्हणून गोळी घेताना दिसला की सर हटकायचे. "घेतलीस? घे. पण कुठं जाती ती, ठाऊक हाय का? पोटात थोडी कामाला येती, बाकीची मुतावाटं भाईर. आपुन गोळी गिळत न्हाई गड्या, नदीला पाजतो." लोक हसायचे. तरी एक फिटर मामा होते, दौंडचे, ते त्या दिवसापासून गोळी घेताना टाकीकडं बघून हात जोडायचे.

आता आप्पांचं सांगितलं पाहिजे, कारण सरांचा जीव खरा तिथं अडकला होता. कंपनीच्या भिंतीला लागून आप्पांचं शेत. गवार, मेथी, कोथिंबीर, कडेला झेंडू. विहीर नाल्याच्या काठावर, म्हणजे आमच्या टाकीतून निघालेलं पाणी ज्या नाल्यात जायचं त्याच्याच. कंपनी झाली तेव्हा आप्पा काठी घेऊन गेटवर आले होते. माझ्या विहिरीत काय येणार ते लिहून द्या म्हणाले. लिहून कोण देतो? सर बाहेर गेले आणि म्हणाले, "आप्पा, लिहून न्हाई देत. तुमच्या ह्या विहिरीवरची भाजी मी रोज खाईन. ज्या दिवशी मी खायची बंद करीन, त्या दिवशी तुम्ही काठी घेऊन या." आणि खरंच, त्यांच्या डब्यात घरून फक्त भाकरी यायची. भाजी आप्पांकडची, तिथंच बांधावर चुलीवर परतलेली, आणि वर त्या विहिरीचं तांब्याभर पाणी. पाऊस असो, ऊन असो. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणायचे.

एकदा त्यांचा जुना विद्यार्थी आला. शिरूरकडच्या एका कंपनीत तोही टाकीच सांभाळायचा. त्यांच्याकडंही ह्याच जातीचं औषध, आणि टाकी काही केल्या लागत नव्हती. बिचारा इकडचं तिकडचं बोलत राहिला, हवापाणी, पोरांच्या शाळा. सर म्हणाले, "ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस? गाडीत कॅन हायत ते काढ." कॅन भरेपर्यंत दिवेलागण झाली. आमच्याकडं तिन्हीसांजेला विरजण देत नाहीत. दिलंच तर त्यात मिरची टाकून देतात, म्हणजे आपल्या घरचं दूधदुभतं आटत नाही. सर देवाधर्माचे फारसे नव्हते, पण कँटीनमधून लाल मिरच्या मागवल्या आणि गंभीर तोंडानं प्रत्येक कॅनमध्ये एक सोडली. विद्यार्थीही तितक्याच गंभीरपणे झाकणं लावत गेला. मॅनेजर साहेबांना हे कळलं तेव्हा फोनवर फार तापले. कंपनीची मालमत्ता परक्याला कशी दिली म्हणाले. सर म्हणाले, "साहेब, विरजणाला न्हाई म्हणायचं नसतं. आज त्याला लागलं, उद्या आपल्याला लागंल." साहेबांपुढं हे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आणि तो उद्या आला. खंडेनवमीला.

कारखान्यात खंडेनवमी म्हणजे मोठा सण. सगळी यंत्रं थांबवायची, धुवायची, पुसायची, हळदकुंकू, झेंडूच्या माळा. पूजा झाली की दसरा सरेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. बाकी यंत्रांचं ठीक आहे. पण टाकीत हवा सोडणारा ब्लोअर थांबला की मंडळींचा श्वास थांबतो. इतकी वर्षं सर त्या दिवशी कामावर असायचे, ब्लोअर आपोआप चालू राहायचा, कुणाला काही सांगायची वेळच आली नव्हती. त्या वर्षी सरांच्या बायकोचं, काकूंचं, पुण्यात ऑपरेशन निघालं. सर दवाखान्यात, मी सणाला वडगावला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर आले आणि गेटवरच वास आला. कुजक्या अंड्याचा. मी पळत मागं गेले. पाणी काळं पडलेलं, एक बुडबुडा नाही. ब्लोअरपाशी फिटर मामा उभे, नवा सदरा घालून. ब्लोअरला हिरवा ऑइलपेंट, त्यावर हाताएवढी जाड माळ. मामा म्हणाले, "बघा मॅडम, नव्या नवरीवानी नटवलाय. सगळं रूम फिनेलनं आन् ब्लीचिंग पावडरनं धुवून काढलं." ते धुतलेलं पाणी कुठं गेलं असणार? मोरीतून टाकीत. गुदमरून जे उरले असतील त्यांना फिनेल. बिहारच्या ऑपरेटरनं हळूच सांगितलं, "मैंने पूछा था मॅडम. मामा बोले, भगवान का दिन है, मशीन को भी आराम चाहिए." मामांनी माझं तोंड बघितलं, टाकीकडं बघितलं, आणि ते मटकन खालीच बसले.

सर पुण्याहून बसनं आले, हातात दवाखान्याची कापडी पिशवी. जिना चढले नाहीत. खालीच उभे राहिले आणि वास घेतला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, ते नुसतंच केसांवरून हात फिरवत राहिले. मामा रडत होते. "आबा, मला शिव्या घाला. दोन थोबाडीत मारा." सर त्यांच्या शेजारी बसले. "तुला कशाला? तू देवाचं केलंस. आत कोण राहतं ते तुला म्यां कवा सांगितलंच न्हाई. सगळी पूजा बाहेरच्या लोखंडाची झाली, मंडळींची ओळख करून द्यायची राहिली. चूक माझी." मला त्या माणसासाठी इतकं वाईट वाटलं की मी लॅबमध्ये जाऊन रडले.

दुपारी मॅनेजर साहेबांचा फोन आला. कारखाना सुरू झाला होता, धुण्याचं पाणी साठवण टाकीत तुंबत चाललं होतं, आणि ती भरली की एकतर कारखाना बंद, नाहीतर पाणी बाहेर. साहेब म्हणाले, परतीचा पाऊस येतोय, नाल्याला पाणी आलं की थोडं थोडं सोडून द्या, कुणाला कळणारही नाही. फोन स्पीकरवर होता. सर म्हणाले, "साहेब, नाल्याच्या खाली माझा डबा हाय."

"काय?"

"माझी भाजी तिथं शिजती. तुम्हाला न्हाई कळायचं." फोन ठेवला, पाना घेतला, नाल्याच्या व्हॉल्व्हचं चाक सोडवलं आणि ते दवाखान्याच्या पिशवीत टाकलं. चाकाशिवाय व्हॉल्व्ह उघडत नाही. मग भिंतीपलीकडं जाऊन आप्पांच्या बांधावर बसले. नेहमीप्रमाणं भाजी परतली, भाकरी खाल्ली. आप्पांना सगळं सांगितलं, काही न झाकता. आप्पा म्हणाले, "मग उद्या?" सर म्हणाले, "उद्याचं उद्या. आज पाणी चांगलं हाय, आज म्यां खाल्लं. उद्या आलो न्हाई तर काठी काढा."

टँकर घेऊन आम्ही शिरूरकडं निघालो, मी, सर आणि पिशवीतलं ते चाक. ज्याला विरजण दिलं, तो नाही म्हणाला असता तर आमच्याकडं दुसरा उपाय नव्हता. त्यालाही त्याचा मॅनेजर होताच. ती सगळी मंडळी, गोठ्यागोठ्यातून, गटारीगटारीतून जमवलेली, जगात आता फक्त त्याच्याच टाकीत उरली होती.

त्यानं आम्हाला बघितलं आणि काही विचारलं नाही. पाइप जोडायला सांगितला. टँकर भरत असताना सर त्याच्या टाकीच्या कठड्याशी उभे होते आणि त्या मातीच्या वासात नाक घालून होते. टँकर भरला तोवर दिवे लागले होते. विद्यार्थी म्हणाला, "सर, एक मिनिट," आणि पळत आत गेला. मूठभर लाल मिरच्या घेऊन आला, टँकरवर चढला आणि झाकण उघडून आत टाकल्या. खाली उतरला तेव्हा सर तोंड फिरवून चष्मा पुसत होते.

काळं पाणी नाल्यात न सोडता टँकरनं बाहेर प्रक्रियेला धाडलं, टाकी धुतली, मंडळी ओतली, ब्लोअर सुरू केला. पण विरजण लावलं म्हणजे लगेच दही होत नाही. कारखाना बंद ठेवावा लागला, साहेब पुण्याहून येऊन बडबडून गेले, सरांना नोटीस मिळाली. सर गूळ कालवत राहिले. मामा रोज सकाळी ब्लोअरच्या खोलीत येऊन हात जोडायचे आणि तो चालू आहे ना बघून जायचे. आणि एका सकाळी थेंब बघताना मला एक देठ दिसला, देठावर घंटा, उघडली, मिटली. मी ओरडलेच, "सर, वाजली." त्यांनी येऊन बघितलं. बाहेर गेले, मोटारसायकलवरचं हेल्मेट काढून डोक्यात घातलं, जिना चढले आणि कठड्याला टेकून म्हणाले, "काय मंडळी, जेवलात का?" खाली मामा, ऑपरेटर आणि मी तिघंही उभे होतो.

त्या वर्षापासून आमच्याकडं खंडेनवमीला सगळं बंद असतं, ब्लोअर चालू असतो. माळ ब्लोअरला नाही, टाकीच्या कठड्याला. नारळ मामा फोडायचे.

सर निवृत्त झाले आणि टाकी माझ्याकडं आली. मी रामराम घालत नाही, मला ते जमत नाही. पण वास घेते.

मग सरांच्या हाडांचं दुखणं निघालं, बरं न होणारं. मी फळं घेऊन शिरूरला गेले तर फळांकडं बघितलंही नाही. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली होती, आमचीच. ती तशीच उशाशी, न घेतलेली. काकू वैतागल्या होत्या. "रात्रभर कण्हत्यात आन् गोळी म्हणून घेत न्हाईत. शेजाऱ्यांच्या बोअरची काळजी पडलीय ह्यांना." सर म्हणाले, "बाई, संडासाचा शोषखड्डा अन् त्यांचं बोअर, मधी फक्त भिंत हाय. मंडळी आन. मग घेतो." मरणाच्या दारातल्या माणसाशी काय वाद घालायचा? नियमात बसत नव्हतं, तरी कॅन भरून नेला. परसात ड्रम बसवला, संडास-बाथरूमचं सगळं पाणी त्यात घेतलं, हवेसाठी माशांच्या टाकीचा छोटा पंप लावला. पोचेपर्यंत तिन्हीसांज होणार हे ठाऊक होतं, म्हणून मी कँटीनमधून मिरची टाकून आणली होती. ड्रममध्ये मिरची तरंगताना बघून सर इतके हसले की त्यांना कळ आली. त्या संध्याकाळी त्यांनी पहिली गोळी घेतली. घेऊन ड्रमकडं हात केला. "डबा पाठवतोय रं."

ते गेले त्यानंतर मला तिकडं जावंसं वाटत नव्हतं. पाच-सहा महिन्यांनी वढूला समाधीच्या दर्शनाला गेले होते, येताना वाट वाकडी करून शिरूर गाठलं. काकू परसात होत्या. पंपाचा आवाज येत होता. मला वाटलं होतं, ड्रम कधीच भंगारात गेला असेल. काकूंनी आयुष्यभर ह्या मंडळींचा तिरस्कार केला होता, घरात त्या वासाचे कपडे वेगळे धुवायच्या. आता त्या ड्रमपाशी पाटावर बसल्या होत्या, हातात वाटी, वाटीत गूळ कालवलेला. आणि बत्त्यानं एक गोळी कुटत होत्या.

"काकू, हे काय?"

"आता औषध खाणारा माणूस न्हाई घरात," त्या कुटता कुटता म्हणाल्या. "नुसता गूळ दिला तर सवय मोडती, असं ते म्हणायचे. त्यांच्या गोळ्यांची ढीगभर पाकिटं उरली व्हती, त्यातली रोज एक देते." पूड गुळात मिसळली, वाटी ड्रममध्ये ओतली आणि पदराला हात पुसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "शेवटचं पाकीट संपलं आज. तुमच्याकडंच बनती ना ती? उद्या काय घालू ह्यांना?"

मी चौकातल्या मेडिकलमध्ये गेले. मुलानं गोळ्यांचं पाकीट काढलं, पेन घेतला आणि विचारलं, "कुणासाठी?"

मी म्हटलं, घरातल्या मंडळींसाठी.

"उपाशीपोटी द्यायची नाही," तो म्हणाला. "काहीतरी खायला घालून द्या."

"हो," मी म्हटलं. "गुळाबरोबर देतात."